लेकीची साडी

पुनम मला पहिल्यांदा दिसली ती ट्रॅक्टरवर. मागं हळद शिजवायचा कुकर जोडलेला, म्हणजे पत्र्याचे मोठाले ड्रम, पाण्याची टाकी आणि खाली जाळ घालायची जागा, असं सगळं धूड. आणि पुढं स्टिअरिंगवर एक पोरगी. डोक्याला स्कार्फ, हात मनगटापर्यंत पिवळे. मी पुसेगावच्या फाट्यावर उभी होते. जिला भेटायला कळमनुरीहून आले होते तिनं ऐन वेळी फोन बंद केला होता, आणि हिंगोलीकडं जाणारी बस दुपारशिवाय नव्हती. ट्रॅक्टर थोडा पुढं गेला, थांबला आणि मागं आला.

“कोणाकडं आलात?”

“आता कोणाकडंच नाही.”

“मंग बसा. उन्हात वाळत घालायला आमच्याकडं हळद हाय. तुमी कशाला वाळून राहिल्यात?”

मडगार्डवर बसून जायची माझी पहिलीच वेळ. धरायला काही सापडेना, तेव्हा तिनं न बघताच माझा हात उचलून आपल्या सीटच्या पाठीवर ठेवला. माझ्या पांढऱ्या कुर्त्याच्या बाहीवर तिची चार बोटं उमटली. घरी आल्यावर मी ते डाग साबणानं घासले आणि ते लालभडक झाले.

आता माझ्याबद्दल. मी करुणा, कळमनुरीची. वडील भीमराज, शाळेत क्लार्क. मी नांदेडला एम.ए.च्या शेवटच्या सत्राला होते आणि शेवटच्या सत्रात एक प्रकल्प पुरा करावा लागतो. माझा विषय होता, बायकांवर प्रेम करणाऱ्या आपल्या जिल्ह्यातल्या खेड्यांमधल्या बायका. विद्यापीठात त्याला एलजीबीटी अभ्यास म्हणतात. घरी मी ‘समाजशास्त्र’ म्हणायची आणि गावोगाव ‘बायकांची मैत्री’ म्हणायची. गाईड मॅडमनी सुरुवातीलाच बजावलं होतं की जिची मुलाखत घेशील तिचं नाव बदलायचं आणि तिच्यापासून अंतर ठेवायचं. अंतर ठेवणं मला बरं जमतं, लहानपणापासूनचा सराव आहे. (इथली नावंही मीच ठेवलेली आहेत, तेव्हा कुणी पुसेगावात पुनमला शोधत फिरू नये.)

मला मुली आवडतात हे मला अकरावीपासून ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि त्याचं काही करणं वेगळं. मी त्याचा प्रकल्प केला.

शेतात हळद शिजत होती. वाफेचा उग्र वास नाकातून थेट डोक्यात जात होता. पुनम गावोगाव कुकर घेऊन जाऊन लोकांची हळद भाड्यानं शिजवून द्यायची, पण त्या दिवशी घरचीच होती. वडील व्यंकटराव लांब बांधावर कुणाशी तरी हळदीच्या भावावरून हुज्जत घालत होते. पुनमनं जाळात हळदीचा वाळका पाला सारला आणि मी काय शिकते ते विचारलं. मी नेहमीचं उत्तर दिलं.

“बायकांची मैत्री,” ती म्हणाली. “नुसती मैत्री?”

मी वहीचं पान उलटलं.

“नुसती असंल तर आमच्या गल्लीतच लई हाय. दिवसभर पापड लाटत्यात आन् एकमेकीचं उणंदुणं काढत्यात.”

“आणि नुसती नसेल तर?”

तिनं माझ्याकडं पाहिलं, म्हणजे नीट पाहिलं. मग पुन्हा जाळाकडं वळून म्हणाली, “तर शिरड शहापूरला एक म्हातारी हाय. दर साली तिची हळद मीच शिजवते. तुला घेऊन जाते.”

‘तुमी’चं ‘तू’ कधी झालं ते माझ्या लक्षातही आलं नाही. आलं ते एवढंच, की माझ्या प्रकल्पाचा खरा विषय या मुलीला कळला होता, आणि ती दचकली नव्हती.

दुपारी पुनमची आई भाकरी घेऊन आली. सुमनबाई. ठेंगणी, भरभर बोलणारी. तिनं गाव विचारलं, वडील विचारले, मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. ती जराशी थांबली. असं थांबणं मी पुष्कळ पाहिलेलं आहे, त्यानंतर माणसं एकदम फार गोड बोलायला लागतात आणि ताट वेगळं येतं. सुमनबाईनं आपल्या पुढ्यातली ठेच्याची वाटी माझ्याकडं सरकवली आणि म्हणाली की तिखट लागलं तर सांग, गूळ हाय. मी त्या दिवशी तीन भाकरी खाल्ल्या.

दुसऱ्या वेळी गेले तेव्हा कुर्त्याचं सांगितलं, तर पुनम ड्रमला टेकून हसत सुटली.

“साबण लावला व्हय? शिकलेली ना तू. उन्हात टाक, आपोआप जाईल.”

“आणि नाही गेला तर?”

“तर ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “माझाच हाय.”

मग मी पुसेगावला जायला लागले. शिरड शहापूरला जायचं तर आधी पुसेगावला जावं लागत नाही, दोन्ही गावं हिंगोलीच्या दोन बाजूंना आहेत. पण प्रकल्पात ‘क्षेत्रभेट’ असा एक शब्द असतो आणि तो फार सोयीचा आहे. पुनम मला हळदीतलं सांगायची. जेठा गड्डा कोणता, हळकुंड कोणतं, काडी टोचून बघितली की शिजलेलं कसं कळतं. मी तिला विद्यापीठातलं सांगायची. तिनं तोवर दोन स्थळं परत पाठवली होती. एकाला सांगितलं, मला ट्रॅक्टर सोडवत नाही. दुसऱ्याला काय सांगितलं ते मला सांगेना. तिसरं येऊन बसलंच तर काय करशील, असं मी विचारलं, तर म्हणाली, “तू काहून इचारून राहिली? तुला काय तकलीफ?” आणि उत्तराची वाट बघत बसली. मी पाण्याची बाटली उघडली आणि पुन्हा लावली.

जनकाबाईची, म्हणजे त्या म्हातारीची, मुलाखत पहिल्याच भेटीत झाली. नवऱ्यानं टाकलेली ती बाई माहेरी आली होती. आईच्या शेतात कामाला येणाऱ्या सोजर नावाच्या विधवा बाईवर तिचा जीव जडला. जनकाबाईच्या आईला काही कळलं की नाही कोण जाणे, पण तिनं सोजरला साडी दिली आणि लेक मानली. तेव्हापासून दोघी एका घरात, बहिणी म्हणून. चाळीस वर्षं. सोजरबाई तीन वर्षांपूर्वी वारली. हे सगळं जनकाबाईनं शेंगा फोडता फोडता सांगितलं. मी मान खाली घालून लिहीत होते, अंतर वगैरे ठेवून.

मार्चच्या मध्यात अवकाळी आला. आम्ही पुसेगावच्या शेतात होतो, शिजलेली हळद वाळायला पसरलेली. हिंगोलीच्या बाजूनं आभाळ काळं झालं आणि पाठोपाठ वारा सुटला. भिजली तर रंग जातो, आणि रंग गेला की मोंढ्याच्या बाजारात कुणी विचारत नाही. सुमनबाई घमेली घेऊन धावली, व्यंकटराव दगड आणायला पळाले. पुनमनं ताडपत्रीचं एक टोक माझ्याकडं फेकलं. शेवटचा ढीग झाकला तेव्हा थेंब टपटपायला लागले होते आणि दगड संपले होते. म्हणून आम्ही दोघी त्या ताडपत्रीची कड धरून, तिच्यावरच वजन टाकून, पावसात बसून राहिलो.

“मला काहून न्हाई इचारत तुझे प्रश्न?” पुनम म्हणाली. पाणी तिच्या भुवयांवरून गळत होतं.

“तू सहभागी नाहीस.”

“मंग कोण हाय?”

“ड्रायव्हर.”

“बराबर हाय. ड्रायव्हरपासून अंतर ठेवा असं न्हाई ना सांगितलं मॅडमनी?”

“नाही… तसं काही म्हणाल्या नाहीत.”

आमचे हात ताडपत्रीच्या कडेवर शेजारी होते. तिची करंगळी माझ्या करंगळीवर आली आणि पाऊस थांबेपर्यंत तिथंच राहिली. आम्ही दोघीही ताडपत्रीकडं बघत होतो, जशी काही ती उडूनच जाणार होती. मी तिच्या प्रेमात पडले होते. हे वाक्य प्रकल्पात कुठंच बसत नव्हतं, पण खरं होतं. आणि भीतीही तेवढीच खरी होती. तोंडातून गेलं आणि सुमनबाईनं दार लावलं, तर मला पुनम दिसणार कुठं? तिच्या घरात, तिच्या शेतात, तिच्या आईच्या डोळ्यांदेखतच तर ती मला भेटत होती.

हळद वाचली. सुमनबाईनं माझे भिजलेले केस आपल्या पदरानं पुसले आणि पुसता पुसताच म्हणाली की पाडव्याला ये, तुला साडी घेतली हाय मी. लेक मानते तुला.

मला आधी आनंदच झाला. साडी म्हणजे नुसती साडी नव्हे, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. पाटावर बसवून साडी दिली की ती मुलगी घरची. सणावाराला यायचं, हक्कानं राहायचं, दुखलं-खुपलं तर त्या घरानं धावायचं. आणि तिनं ती आमच्यातल्या पोरीला द्यायची म्हणजे गावात चार तोंडं चार बोलणार. व्यंकटरावांनी तसं म्हटलं देखील. बोलू द्या, असं सुमनबाई म्हणाली आणि विषय संपला. मग दोन क्षणांनी माझ्या डोक्यात उजेड पडला. मी त्या घरची लेक झाले, तर पुनमची कोण झाले? पुनम आमच्याकडं पाठ करून रिकामा ड्रम धूत होती. तो ड्रम तिनं आधीच एकदा धुतला होता.

फाट्यावर सोडायला येताना तिनं ट्रॅक्टर नेहमीपेक्षा सावकाश चालवला.

“चांगलंच हाय की,” शेवटी ती म्हणाली. “कवाबी येता येईल तुला. मुक्काम करता येईल. कोणी काही म्हणणार न्हाई.”

“तुला बहीण पाहिजे का?”

तिनं गिअर बदलला. “फाटा आला,” ती म्हणाली.

मुलाखत लिहून झाली की ती त्या बाईला वाचून दाखवायची, आणि तिला नको असेल ते काढून टाकायचं, अशी आमच्या अभ्यासात पद्धत आहे. पाडव्याच्या आदल्या आठवड्यात त्यासाठी मी शिरड शहापूरला गेले. पुनमनंच नेलं. तिचं माझ्याशी बोलणं कामापुरतं उरलं होतं, आणि माझंही. ती बाहेर जनकाबाईच्या हौदावर हातपाय धूत होती. मी ओसरीवर बसून वाचलं. जनकाबाईनं काहीच काढायला सांगितलं नाही. फक्त विचारलं की माझं नाव बदलून काय ठेवणार. मी म्हटलं, तुम्हीच सांगा. तर म्हणाली, “सोजर ठेव.”

मी ते नाव लिहिलं आणि वही मिटली. मग मी प्रश्नावलीत नसलेलं विचारलं. बहीण म्हणवून घेतल्याचं कधी वाईट वाटलं का?

“बहीण म्हणलं की दार उघडं ऱ्हातं, बाई. चाळीस वर्सं आमाला कोणी काही इचारलं न्हाई.” तिनं सुपातल्या शेंगा हातानं सारख्या केल्या. “तिच्या मयतीला मी रडून राहिले होते. तर एक बाई म्हणली, बहिणीसाठी कोणी इतकं रडतं का? मंग मी थांबले.”

दारात पुनम उभी होती. कधी आली होती ते मला कळलं नाही. तिचे हात ओले होते आणि ती ते पुसत नव्हती.

“वाईट कशाला वाटंल?” जनकाबाई म्हणाली. “आमाला तेच एक नाव होतं. तुमाला दुसरं घावलं तर बघा.” आणि तिनं पुनमला शेंगा घ्यायला सांगितल्या.

परतीच्या वाटेवर उतरताना पुनमनं विचारलं, “येशील ना पाडव्याला?” मी हो म्हटलं. काय करायला येणार, ते मी सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही.

पाडव्यापर्यंत मी दोन्ही बाजूंनी हिशेब करून पाहिला. साडी घेतली तर जन्मभर त्या घरात जागा, आणि जन्मभर एक खोटं. नाही घेतली तर सुमनबाईचा अपमान, तोही अशा कामासाठी जे तिच्या गावात कुणी केलं नव्हतं. आणि पुनमच्या मनात काय आहे हे मला धड ठाऊकही नव्हतं. एका करंगळीवर माणसानं किती विसंबावं? प्रकल्पात मी ‘मानलेल्या नात्यांचा आसरा’ असं एक आख्खं प्रकरण लिहिलं होतं, संदर्भांसकट. माझ्यासाठी त्यातलं एकही वाक्य कामाचं निघेना.

पाडव्याला दारात गुढी होती, घरात पुरणाचा वास. व्यंकटराव देवळात गेले होते. सुमनबाईनं पाट मांडला होता, भोवती साधी रांगोळी. घडी मोडलेली नाही अशी मोतिया रंगाची साडी, आणि वाटीत यंदाच्या हळदीची पूड. कुंकू नव्हतं.

“कुंकू चालत न्हाई तुमच्यात, ठाऊक हाय मला,” ती म्हणाली. “हळद आपल्या शेतातली हाय. तूच वाचवली. बस.”

आता यावर काय बोलणार? पुनम स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी होती, हातात उलथनं. मी पाटापाशी गेले. बसले नाही.

“मावशी,” मी म्हणाले, “मला साडी न्हाई घेता येत.”

सुमनबाईचा चेहरा उतरला. तिनं वाटी खाली ठेवली. “आमच्या घरची म्हणून व्हय?” तिनं हळूच विचारलं. “आमच्या लोकांनी लई केलंय तुमच्यासंगं, ते मला कळतं, पोरी. पर मी मनापासून…”

“न्हाई मावशी, ते न्हाई. तुमच्याइतकं मला कोणी जवळ केलेलं न्हाई.” मी साडीकडं पाहिलं. “साडी घेतली की मी पुनमची बहीण होते. मला तिची बहीण व्हायचं न्हाई. माझा तिच्यावर जीव हाय.”

घरात तव्यावरची पोळी जळायला लागली होती. कुणीच हललं नाही. सुमनबाईनं माझ्याकडं पाहिलं, मग चौकटीकडं. मीही पाहिलं. पुनमचं तोंड लाल झालं होतं. तिनं उलथनं खिडकीत ठेवलं, चालत आली आणि पाटाच्या या बाजूला माझ्याशेजारी येऊन उभी राहिली.

“आई,” ती म्हणाली, “मलाबी बहीण नको.”

एवढंच. पण मी ज्याची वाट पाहत होते ते हेच होतं, आणि ते मला आईसमोर, पाटासमोर, जळक्या पोळीच्या वासात मिळालं. रडू आलं. मी थांबवलं नाही.

सुमनबाई पाटावर बसली. माझ्यासाठी मांडलेल्या पाटावर तीच बसली आणि साडीवरून हात फिरवत राहिली. दुसऱ्या स्थळाला तू हेच सांगितलं होतंस का, असं तिनं पुनमला विचारलं. पुनमनं मान डोलावली. मग सुमनबाई म्हणाली, “मंग काय व्हायचं हाय तुमाला?”

माझ्याकडं या विषयावरचे ढीगभर शब्द होते. एकही बाहेर आला नाही. सुमनबाईनं उत्तराची वाट पाहिली, उठली, साडी कपाटात ठेवली आणि म्हणाली की जेवून घ्या, गार होऊन राहिलंय. तिनं वाढलं, पण आमच्याबरोबर बसली नाही. निघताना मी नमस्कार केला तर ‘नीट जा’ म्हणाली. ‘परत ये’ म्हणाली नाही.

फाट्यावर पुनमनं ट्रॅक्टर बंद केला आणि माझा हात घट्ट धरला, रस्त्यावर माणसं होती तरी. “ती बोलत न्हाई म्हंजे इचार करून राहिली,” ती म्हणाली. “भांडायचं असतं तर आत्ताच भांडली असती.” मग जरा हसली. “आता तरी इचार की मला तुझे प्रश्न.”

“आता तर मुळीच चालत नाही,” मी म्हणाले.

पुढचे पंधरा-वीस दिवस मी नांदेडला होते. प्रकल्प पुरा केला. गाईड मॅडमनी शेवटचा मसुदा वाचून विचारलं की अंतर ठेवलंस ना. मी म्हटलं, ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांच्यापासून ठेवलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि सही केली. पुनमचा फोन रोज यायचा. घरी सुमनबाई तिच्याशी कामाचं बोलायची, माझं नाव काढायची नाही. व्यंकटरावांना काही सांगितलेलं नव्हतं. मी विचारायचं सोडून दिलं. दार लागलं असेल तर लागलं, असं स्वतःला समजावून पाहत होते. ते काही पटत नव्हतं.

बाइंडिंगच्या दुकानात उभी होते तेव्हा पुनमचा फोन आला. आई आज एकटीच हिंगोलीला गेली होती, म्हणाली. साडी घेऊन. दुकानदाराला म्हणाली, बदलून द्या. त्यानं विचारलं, काहून, लेकीला आवडली नाही का?

“मग?”

“तर म्हणली, लेकीसाठी न्हाई आता. दुसरी दाखवा, जरा भारीतली.”

दुकानात यंत्राचा आवाज चालला होता. मी बाहेर रस्त्यावर आले.

“कोणत्या रंगाची घेतली?”

“मला दाखवंना ती,” पुनम म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा राहत नव्हता. “पर तुझ्या ब्लाऊजचं माप मागून राहिली.”